गोळ्या चालू असूनही व्हायरल लोड वाढला; कारण कुठे शोधावे?

तासगावकर:
माझे थोरले बंधू नऊ वर्षांपासून एचआयव्हीबाधित आहेत. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून ते मिरजेच्या एआरटी केंद्रातून (एचआयव्हीवरील औषधे देणारे केंद्र) गोळ्या आणतात. द्राक्षबागेचे कर्ज डोक्यावर आहे, वहिनी दोन वर्षांपूर्वी माहेरी गेल्या आणि अलीकडे संध्याकाळचे पिणेही वाढले आहे. या वेळी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, हजाराच्या वर आला. गोळी चुकत नाही, असे ते सांगतात. केवळ मनस्तापाने असे होते का?

माजी समुपदेशक:
मनस्ताप शरीराला पोखरतोच, पण व्हायरल लोड वाढण्यामागे बहुधा सुटलेल्या गोळ्या असतात. नैराश्यात झोप मोडते, जेवणाची वेळ हुकते, दारूच्या अंमलात रात्रीची गोळी राहून जाते, आणि केंद्रात बोलणी बसतील या धास्तीने माणूस 'सगळ्या घेतल्या' असे सांगून मोकळा होतो. पुरुष तर याविषयी सहसा अवाक्षरही काढत नाहीत. कर्ज, एकटेपणा, दारू आणि लोकलज्जा एकमेकांना खतपाणी घालतात. अशा गुंत्याला मेरिल सिंगर या मानववंशशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात 'सिंडेमिक' हे नाव दिले. त्यामुळे नुसती दारू सोडा म्हणून भागत नाही.

तासगावकर:
आज त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कागदाच्या पुडीत सात गोळ्या सापडल्या. तीन दमट होऊन भुगा झाल्या होत्या. एसटीत डबी खुळखुळते आणि लोक वळून बघतात, म्हणून पुडी बांधतो, असे त्यांनी सांगितले.

कृष्णाकाठ:
मी स्वतः १४ वर्षे उपचार घेत आहे आणि हा खुळखुळाट मला चांगला ठाऊक आहे. गोळ्या मूळ डबीतच ठेवाव्यात आणि डबी बाहेरून रुमालात गुंडाळावी. आतली ओलावा शोषणारी पुडी मात्र काढू नये. उरलेल्या गोळ्यांसह डबी केंद्रात न्यावी. तेथे समुपदेशन करून, गोळ्या नियमित झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी व्हायरल लोड पुन्हा तपासतात. एका अहवालावर लगेच औषध बदलत नाहीत. माहिती फुटण्याची भीती असेल, तर १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय ती उघड करण्यास मनाई आहे, हे त्यांना सांगावे. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते.

माजी समुपदेशक:
एक सुचवतो. 'गोळी चुकली का?' असे विचारू नका, 'या महिन्यात किती राहिल्या?' असे विचारा.

तासगावकर:
विचारले. 'अकरा,' म्हणाले, आणि मग बराच वेळ बागेच्या कर्जाविषयी बोलत राहिले. पुढच्या तारखेला मी त्यांच्यासोबत मिरजेला जाणार आहे.