खासदार देशाचा की इंदूरचा? (काल अर्धवट राहिलेलं भांडण)

रामबागकर: काल ‘सराफ्यातला’ यांनी लिहिलं की खासदाराने देशाचं बघावं, गाड्यांचे थांबे आणि पूल मागायचे असतील तर नगरसेवक व्हावं. सकाळचे पोहे घशाखाली उतरेनात. अहो, देशहिताची किंमत कुठलं तरी एकच गाव मोजतं. माझी मावशी मध्य प्रदेशातल्या निसरपूरची. 2019 मध्ये गुजरातमधलं नर्मदेवरचं सरदार सरोवर धरण पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत भरलं आणि गाव पाण्यात गेलं. तिला प्लॉट मिळाला, नाही म्हणत नाही. पण तिचं दुकान चालायचं गावच्या बाजारावर, आणि तो बाजार काही कोणी नव्या जागी मांडून दिला नाही. धरण नको होतं असंही माझं म्हणणं नाही. तिथून निवडून गेलेल्याने सभागृहात उभं राहून हा हिशेब मांडायचा की बाकं वाजवायची?

सराफ्यातला: नाव घेतलंत म्हणून लिहितो. खासदाराची शपथ वाचा. राज्यघटनेवर निष्ठा, देशाची सार्वभौमता, एकात्मता. मतदारसंघाचा उल्लेखही नाही. प्रत्येक जण आपलं गाव घेऊन बसला तर संसदेचा रात्री अकराचा सराफा होईल, आपल्या खाऊगल्लीसारखे सगळे ओरडतायत आणि ऐकणारा कोणी नाही.

बडोदेकर: मावशींचं वाईट वाटलं. पण त्याच पाण्याचा कालवा कच्छपर्यंत गेलाय. आणि 1979 च्या नर्मदा पाणीवाटपाच्या लवादाने विजेतला 57 टक्के वाटा मध्य प्रदेशाला दिला, गुजरातला 16. उगाच आमच्या नावाने बोटं मोडू नका.

रामबागकर: वीज भोपाळच्या हिशेबात, पाणी कच्छला. निसरपूरला काय, तुमची सहानुभूती?

जेलरोडची सून: इंदूरकरांनी तर बोलूच नये. आपल्या नळाची नर्मदा निमाडातल्या जलूदहून पंपांनी चढवून आणतात, तेव्हा निमाडला विचारलं होतं? बाकी देश राहू द्या बाजूला. मला माहेरी पुण्याला जायचं तर गाडी आधी रतलामला, मग बडोद्याला, तिथून वसई. नाहीतर बस. बिजासन घाटात ट्रक आडवा झाला की पोराला घेऊन रात्रभर बसा, पाणीसुद्धा मिळत नाही.

भिया_इंदोरी: वहिनी, इंदूर-मनमाड रेल्वे लाइन झाली की मंजूर! सप्टेंबर 2024, 309 किलोमीटर, 18,036 कोटी.

जेलरोडची सून: मंजुरीत बसून पुण्याला जाऊ का? इंदूर-दाहोद लाइनचं भूमिपूजन 2008 चं आहे. मुलगा तेव्हा पाळण्यात होता, आता मिशी फुटली.

भिया_इंदोरी: आणि आपल्या सुमित्राताई महाजन इंदूरमधून आठ वेळा निवडून आल्या, लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. तेव्हाच व्हायला हवी होती.

सराफ्यातला: अध्यक्षांच्या खुर्चीवरून स्वतःच्या गावची गाडी मागायची? मग तुम्हीच म्हणाला असता पक्षपात.

भिया_इंदोरी: मी नसतो म्हणालो. मी गाडीत बसलो असतो.

बडोदेकर: बडोद्यावरून जायला एवढा त्रास होतो का हो? चांगलं स्टेशन आहे.

जेलरोडची सून: स्टेशन बघायला नाही निघत मी!

रामबागकर: विषयावर या. चिंतामणराव देशमुखांनी 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं. त्यांना काय देश कळत नव्हता?

सराफ्यातला: पद सोडलं. पदाला चिकटून थांबे नाही मागितले. उदाहरण माझ्या बाजूचं आहे, धन्यवाद.

रामबागकर: वकिली करू नका. 1985 पासून पक्षांतरबंदी आहे. व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, मोडून मत दिलं की खासदारकी जाऊ शकते. तुमचं देशहित पक्षाच्या कार्यालयात ठरतं आणि खासदार त्यावर अंगठा उठवतो. शपथेत पक्षाचा तरी उल्लेख आहे का?

सराफ्यातला: व्हिपचं मान्य. तेवढंच. बाकी एक अक्षर मागे घेत नाही.

बडोदेकर: चला, इंदुरात सूर्य पश्चिमेला उगवला.

जेलरोडची सून: तुमचं आटपलं असेल तर ऐका. दिवाळीचं पुण्याचं तिकीट वेटिंगला आहे. कोट्यासाठी खासदाराचं पत्र लागतं म्हणे. कोणाची ओळख आहे?

सराफ्यातला: मिळेल पत्र. पीएनआर पाठवा. इथे नको, वैयक्तिक निरोपात.