वकिलीत हिंसाचार रोखायचंच काम करायचंय, यात आयुष्य काढता येतं का?

तालुकाकोर्ट_ज्युनियर:

नमस्कार. एलएलबी होऊन ४ वर्षं झाली, तालुक्याच्या कोर्टात सीनियरकडे आहे. वाटपाचे दावे, मनाई अर्ज, चेक बाउन्स, हेच जास्त. मागच्या महिन्यात एक बाई ऑफिसला आली, माझ्याच वयाची असेल. प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, मुलाचा जन्मदाखला आणि पोलीस स्टेशनच्या एनसीच्या (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) तीन कॉप्या, घड्या घालून घालून कागद कापडासारखा मऊ झालेला. तीनदा मार, तीनदा एनसी, तीनदा "कोर्टात जा" म्हणून परत. फीचा आकडा ऐकला आणि पिशवी उचलून निघाली. मी जिन्यापर्यंत गेले तिच्याबरोबर पण काय सांगायचं तेच सुचेना, सरकारकडून फुकट वकील मिळतो एवढं पुस्तकात वाचलेलं, पण कुठल्या टेबलावर जायचं, कोणता फॉर्म, काही माहीत नव्हतं. तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

मला आता हेच काम करायचंय. बायकांवरची मारहाण, अॅट्रॉसिटी, गावकीचा बहिष्कार, अशा केसेस. घरचे म्हणतात आधी पोट भर मग समाजसेवा. विधी सेवा, सरकारी वकील की संस्था? आणि घर चालतं का यावर? खरं सांगा, चांगलंच सांगा असं नाही.

वकीलताई_मराठवाडा:

अगं, ते टेबल तुझ्याच कोर्टात आहे. तालुका विधी सेवा समिती. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ वाच, बाईला उत्पन्नाची अट नाही, मुलांना नाही, एससी-एसटीला नाही, कोठडीतल्या माणसाला नाही. साधा अर्ज आणि पॅनलवरचा वकील मिळतो. लांबून कोणी विचारलं तर १५१०० वर फोन करायला सांग.

मी १९ वर्षं पॅनलवर आहे. पैशाचं आधी सांगते, फी कमी आहे आणि उशिरा येते, आणि त्या बाईकडून वेगळा एक रुपयाही घ्यायचा नाही. माझं घर आजही दिवाणी दाव्यांवरच चालतं, त्यामुळे वाटपाचं काम सोडू नकोस, सकाळी ते कर. पण काम मोठं आहे गं. डीव्हीच्या, म्हणजे घरगुती हिंसाचार कायद्याखालच्या अर्जाला एफआयआर लागतच नाही, त्या तीन एनसी पुराव्याला जोडायच्या, टाकून द्यायच्या नाहीत. बाई माहेरी येऊन राहिली असेल तर माहेरच्या कोर्टातही अर्ज चालतो. पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत द्यायची असं कायदा म्हणतो आणि ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न. प्रत्यक्षात वर्षं जातात, म्हणून सगळा जीव कलम २३ च्या अंतरिम अर्जात ओतायचा. मारहाणीची तारीख, वेळ, कशाने मारलं, मूल कुठे होतं, शेजारी कोण आलं, हे तिच्या शब्दांत अॅफिडेव्हिटवर आलं पाहिजे. "शारीरिक व मानसिक छळ केला" एवढी ठोकळेबाज ओळ लिहून मोकळं झालात तर साहेबांनी तरी कशावर एकतर्फी आदेश द्यायचा?

घर सासूच्या नावावर आहे, तिचा हक्क नाही, असं समोरचा वकील हमखास म्हणतो, त्याला २०२० चा सतीश आहुजा निकाल दाखव, एकत्र राहिलेलं घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी तिथं राहण्याचा हक्क मागता येतो.

आणि एक, आदेश झाला की काम संपलं असं समजू नकोस. कॉपी पोलिसांना जायलाच हवी पण मी वाट बघत नाही, बाईला घेऊन स्वतः ठाण्यात जाते आणि आमच्या कॉपीवर आवक शिक्का घेते. पुढच्या वेळी नवरा दारात आला की तिनं तो शिक्का दाखवायचा, संरक्षण आदेश मोडणं हा कलम ३१ खाली गुन्हा आहे, मग त्याची एनसी होत नाही.

निवृत्त_एपीपी:

ताईंनी बरोबर सांगितलं. मी दुसरी बाजू सांगतो. सहायक सरकारी अभियोक्ता (एपीपी) एमपीएससीतून भरतात, पगार नियमित, पेन्शनबिन्शनचा विचार करणाऱ्या घरच्यांनाही पटेल. पण केस तुम्ही निवडत नाही, बोर्डावर जे आहे ते चालवायचं.

अॅट्रॉसिटीत माझा अनुभव असा की केस बहुतेक वेळा कोर्टात यायच्या आधीच पडलेली असते. तपास डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, जातीचा दाखला जोडायचा असतो, ६० दिवसांत दोषारोपपत्र यायला हवं, यातलं एखादं राहतं आणि आरोपीला तेच पुरतं. मग साक्षीदार फितूर होतात. लोक म्हणतात पैसे खाल्ले. अहो, शेतमजूर माणूस, चार तारखांना मजुरी बुडवून येतो, साक्ष होत नाही, आणि परत त्याच मालकाच्या शेतात कामाला जायचं असतं! अॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांत पीडित आणि साक्षीदारांना प्रवासखर्च आणि भत्ता आहे, पण अर्ज कोण करून देणार? हे काम तुमच्यासारख्या वकिलाचं. शिवाय २०१६ पासून त्याच कायद्याचं कलम १५अ लागू आहे, आरोपीच्या जामिनाच्या वेळी पीडिताला नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी मिळालीच पाहिजे, सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये हे बंधनकारक आहे असं स्पष्ट सांगितलंय. पीडितातर्फे उभं राहा, सरकारी वकिलालाही बळ येतं, मला यायचं.

बहिष्काराचं म्हणाल तर आपल्याकडे २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा, पण "आमच्याशी कोणी बोलत नाही" हे सिद्ध करणं अवघड, त्यामुळे किराणा दुकानदाराने माल नाकारला तो दिवस, लग्नाचं आमंत्रण परत घेतलं तो दिवस, असं लिहून ठेवायला सांगा.

विशेषकक्ष_कार्यकर्ती:

मी वकील नाही, सोशल वर्क केलंय, पोलीस स्टेशनच्या आवारातल्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षात काम करते. टाटा इन्स्टिट्यूटने मुंबई पोलिसांबरोबर १९८४ मध्ये पहिला कक्ष सुरू केला, नंतर तो राज्यभर गेला. आम्हाला वकील हवे असतात ते केस लढायच्या आधी. बाईला बहुतेक वेळा घटस्फोट नको असतो, कोर्ट नको असतं, मारणं थांबायला हवं असतं. नवीन वकील पहिल्याच भेटीत कलमं सांगायला लागतात आणि बाई गप्प होते. पहिला तास फक्त ऐका. रात्री उठून जायची वेळ आली तर कोणाकडे जाशील, कागद कुठे आहेत, मूल उचलून नेता येईल का, हे विचारा. आणि कोणी "समझोता करून टाका" म्हणालं तर त्या कागदावर पुन्हा हात न उचलण्याची अट आहे का ते आधी बघा, नुसती "नांदायला जाईन" एवढी बाईचीच सही असते कित्येकदा.

चंद्रपूरकर:

आयुष्य काढता येतं का विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ ला मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. हायकोर्टाने शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये पोलिसांना सोडलं. १९७९ ला कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार आणि आपले रघुनाथ केळकर, वसुधा धागमवार. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ ला कायदा बदलला, कोठडीतल्या बलात्काराला वेगळं कलम आलं. धागमवार बाईंनी तर पुढे आदिवासी भागात आणि नंतर दिल्लीत कायदा साध्या भाषेत लोकांपर्यंत नेण्यातच आयुष्य घातलं. मी स्वतः कारकून आहे, पण ती मुलगी आमच्या भागातली, म्हणून हे पत्र कोणी विसरू नये असं वाटतं.

तालुकाकोर्ट_ज्युनियर:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी विधी सेवा समितीच्या टेबलावर गेले, आमच्याच कोर्टाच्या तळमजल्यावर, चार वर्षं रोज त्याच्यासमोरून जात होते. पॅनलसाठी काय कागद लागतात ते लिहून आणलं, एमपीएससीची जाहिरातही बघत राहीन. त्या बाईचा मोबाइल नंबर ऑफिसच्या डायरीत सापडला, उद्या सकाळी फोन करते.

विशेषकक्ष_कार्यकर्ती:

कर, पण सकाळी नको, नवरा कामावर गेल्यावर कर. नंबर त्याच्याकडेही असू शकतो. पुरुषाने उचलला तर रेशनकार्डाच्या कामाचं विचारून ठेव. तिने उचलला तर आधी एवढंच विचार, "आत्ता बोलता येईल का?" नाही म्हणाली तर तिलाच वेळ सांगू दे.