अभियांत्रिकी प्रवेश : शुल्कसवलत आणि शैक्षणिक कर्ज यांविषयी सल्ला हवा

पालक_कऱ्हाड : नमस्कार. मुलीला कॅप फेरीतून (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात अभियांत्रिकीला जागा मिळाली आहे. प्रवर्ग इतर मागास, वार्षिक उत्पन्न सुमारे 6 लाख. 3 लाखांहून अधिक कर्ज घ्यायचे नाही, हे ठरलेले आहे. सरकारी मदत किती मिळेल आणि उरलेल्या खर्चासाठी कोणते कर्ज घ्यावे?

सह्यमित्र : मी मुलासाठी 20 लाख घेतले, आज तो जर्मनीत नोकरी करतो. 3 लाखांत काय होणार? शिवाय प्राप्तिकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर 8 वर्षे वजावट मिळते.

हिशेबनीस : वजावट मिळते, परंतु जुनी करप्रणाली निवडली तरच; हे दरवेळी सांगावे लागते.

कोकणकडा : कर्जच घ्या. केंद्र सरकार शिक्षण चालू असेपर्यंतचे सगळे व्याज भरते.

शाखेतली_ताई : ती व्याजसवलत 4.5 लाखांपर्यंतच्या उत्पन्नासाठी आहे, यांना ती लागू नाही. पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेत 8 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात 3 टक्के सवलत आहे. मात्र महाविद्यालय त्या योजनेच्या यादीत असावे लागते आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असल्यास ही सवलत मिळत नाही. म्हणून आधी राज्य सरकारची शुल्कसवलत पाहा. 2024-25 पासून 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास प्रवर्गातील मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्काची 100 टक्के सवलत आहे. अभिमत विद्यापीठे आणि व्यवस्थापन कोटा यांत बसत नाहीत. उरतो वसतिगृह, खानावळ आणि लॅपटॉप यांचा खर्च. त्यासाठी 4 लाखांपर्यंतच्या कर्जाला स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही आणि तारणही नको.

कोकणकडा : तारण नको म्हणता, आमच्याकडे घराची कागदपत्रे मागितली होती.

शाखेतली_ताई : रक्कम 7.5 लाखांच्या वर असेल, तेव्हा मागतात.

धुळेकर : शंभर टक्के सवलत कागदावर छान दिसते. आमच्या महाविद्यालयाने आधी पूर्ण शुल्क घेतले आणि परतावा मिळवण्यासाठी हेलपाटे घालायला लावले. नॉन-क्रिमीलेअर (प्रगत गटात मोडत नसल्याचा) आणि उत्पन्नाचा दाखला आताच काढा. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल, तर महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरून येणारे पैसे अडकतात.

सह्यमित्र : म्हणूनच सांगतो, मोठे कर्ज घेऊन मोकळे व्हा.

पालक_कऱ्हाड : सर्वांचे आभार. महाडीबीटीवर अर्ज करतो. कर्ज मात्र यंदा घेत नाही. आवर्ती ठेव मोडून वसतिगृहाचे पैसे भरणार आहे आणि गरज पडल्यास दुसऱ्या वर्षी बँकेत जाईन. घरी हे कोणालाही पटलेले नाही.