चिलापी, तिलापिया की टिलापिया?

शाहूपुरीकर: मावसभावाच्या खानावळीची पाटी रंगवायची आहे. पेंटर ब्रश घेऊन उभा, 'फ्राय'च्या आधी माशाचं नाव काय लिहू म्हणून विचारतोय. मावशी म्हणते चिलापी. भावाला तिलापिया हवंय, का तर शिकल्यासारखं वाटतं. बीज आणलं त्या बिलावर टिलापिया. यातला बरोबर शब्द कोणता? मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात बघितलं, नाही मिळाला.

निपाणीकर: तिथं कसा मिळेल, भावा! मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि हा मासा भारतात आणला १९५२ साली. आमच्या सीमेवर कानडी माणसं याला चक्क 'जिलेबी' म्हणतात, तमिळनाडूतही तेच. लहानपणी बाजारात 'जिलेबी कशी दिली?' ऐकून मी मिठाईचा गाडा शोधत फिरलो होतो. बंगाल्यांनी 'तेलापिया' केलंय. ज्याला त्याला आपल्या स्वयंपाकघरातलं काहीतरी ऐकू येतं.

जुने मास्तर: चिलापीला कोणी अशुद्ध म्हणू नका. दक्षिण आफ्रिकेकडच्या त्स्वाना भाषेत 'त्ल्हापी' म्हणजे मासा, कुठलाही मासा. त्याला लॅटिन वळण देऊन अँड्र्यू स्मिथ यांनी १८४० मध्ये 'टिलापिया' हे प्रजातीचं नाव केलं. आपल्याकडं 'ति'चा 'चि' झाला, शेवटचा 'या' गळाला, राहिली चिलापी. म्हणजे लॅटिन शेपूट इथं तुटलं आणि शब्द नकळत माहेराजवळ जाऊन बसला. योगायोगच, पण मला फार आवडतो. 'चिलापी मासा' याचा अर्थ मग 'मासा मासा'. पावरोटीत तरी काय वेगळं आहे? पाव म्हणजे पोर्तुगीजांची रोटीच.

पुढची गंमत अशी, की शास्त्रज्ञांनी हे नाव एकेका माशाकडून काढून घेतलं. तळाशी अंडी घालून राखण करणारे वेगळे, तोंडात अंडी उबवणारे वेगळे. आपल्याकडची चिलापी दुसऱ्या गटातली. नर शेपटीनं-तोंडानं तळात खड्डा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि लगेच तोंडात भरून घेते. पिल्लं बाहेर पडली तरी धोका दिसला की पुन्हा आईच्या तोंडात. तेवढे दिवस तिचा जवळजवळ उपासच. या गटाला 'ओरिओक्रोमिस' म्हणतात. २०१३ च्या फेरवाटणीनंतर खऱ्या 'टिलापिया' प्रजातीत चारच जाती उरल्या आणि आपल्या ताटात येते ती त्यांतली नव्हे. तेव्हा शास्त्राच्या हिशेबानं भावाचा 'तिलापिया' आणि बिलावरचा 'टिलापिया' दोन्ही शिळे. चिलापीवर मात्र कोणाचा दावा नाही.

मालवणची सून: आमच्याकडे काळुंदर मिळतो तो हाच ना? सासूबाई (त्या कसबा बावड्याच्या) दोन्हींना चिलापीच म्हणतात. मला ऐकवत नाही.

जुने मास्तर: ताई, तुमचं बरोबर आहे. कूळ एक, पण काळुंदर इथला, दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला, खाडीच्या मचूळ पाण्यात वाढणारा. चिलापी पाहुणी. १९५२ ला आली ती मोझांबिकची, झांबेझीच्या खालच्या खोऱ्यापासून दक्षिणेकडच्या नद्यांतली. मागून नाईलची आली. शेपटीच्या पंखावर उभे पट्टे दिसले तर नाईलची समजा. या साऱ्या कुळाची एक खूण सासूबाईंनाही दाखवा: नाकपुडीला दोन्ही बाजूंना एकेकच भोक. रोहू-कटल्याला दोन-दोन असतात.

निपाणीकर: पाहुणी कसली, घरजावई! तळ्यात एकदा पडली की दोन-तीन महिन्यांत पिल्लं, दाटी झाली की सगळी बोटभर लांबीवर थांबतात. 'चिलापीगत वाढलीत' असं आमच्याकडं मोठ्या खटल्याच्या घराला म्हणतात.

जुने मास्तर: म्हणूनच तर शेततळ्यात बहुधा नुसते नर सोडतात. पण दैव बघा. जगातल्या सर्वांत त्रासदायक १०० घुसखोर जीवांच्या यादीत मोझांबिकची चिलापी आहे आणि तिच्याच माहेरी ती धोक्यात आलेली जात म्हणून नोंदली आहे. तिथल्या नद्यांत माणसांनी नाईलची सोडली, दोघींचा संकर होऊ लागला.

शाहूपुरीकर: मास्तर, बिलावर 'गिफ्ट' पण लिहिलंय. मावशी विचारत होती, एकावर एक फुकट का?

जुने मास्तर: फुकट काही नाही. नाईलच्या चिलापीची निवड पद्धतीनं सुधारलेली, लवकर वाढणारी जात. हे काम १९८८ मध्ये फिलिपिन्समध्ये सुरू झालं, 'जेनेटिकली इम्प्रूव्ह्ड फार्म्ड टिलापिया' या इंग्रजी नावाची ही आद्याक्षरं. जनुकांची कापाकापी नाही, चांगली जोडी निवडून पुढची पिढी, आपण खिलार बैल निवडतो तसं.

मालवणची सून: आणि लिंग? तो की ती?

निपाणीकर: ती चिलापी, चार चिलाप्या. तिलापिया म्हटलं की मात्र 'तो' होतो, शहरात गेलेल्या माणसासारखा. आणि पाटीवर 'काटे कमी' हेही लिहा. रोहूच्या मांसात ते बारीक काटे असतात, हिला नसतात. मधला काटा नि फासळ्या काढल्या की पोरांना द्यायला सोपी.

शाहूपुरीकर: ठरलं, चिलापी फ्राय. मावशी जिंकली. फक्त इथं चर्चा चालली होती तेवढ्यात पेंटरनं दीर्घ 'ची' काढून 'चीलापी' रंगवून टाकलंय. टर्पेंटाइन आणायला चाललोय.