विषय: भाची येतेय एका सेमिस्टरसाठी (डिझाइन) – रूम आणि एकूणच सल्ला हवाय

प्रेषक: एसलिंगनची मावशी

नमस्कार मंडळी,

पाडव्याच्या कार्यक्रमात श्रीखंडाच्या लायनीत दोघातिघांशी बोलले होते पण त्या गोंधळात कुणाचंच नीट ऐकू आलं नाही म्हणून मंडळाच्या मेलिंग लिस्टवर टाकते. माझ्या बहिणीची मुलगी पुण्यात प्रॉडक्ट डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिच्या कॉलेजचं इकडे श्टुटगार्टजवळच्या एका कॉलेजशी टायअप आहे आणि विंटर सेमिस्टरसाठी तिचं सिलेक्शन झालंय. सप्टेंबरमध्ये यायचं, फेब्रुवारीअखेर परत.

आता प्रश्न. फी इथे भरायची नाही म्हणतात, खरं का? रूम कुठे शोधायची? माझ्याकडे राहू शकते पण माझ्याकडून कॉलेजला जायला-यायला मिळून तीन तास, आणि खरं सांगायचं तर तिलाही मावशीच्या घरी राहायला जर्मनीला यायचं नाहीये. ताई म्हणते पाच महिन्यांत काय डोंबल शिकणार, भावोजी म्हणतात एवढ्या पैशात इथे सेकंडहॅंड गाडी येते. मला डिझाइनमधलं ओ की ठो कळत नाही, मी लॅबमध्ये रक्त तपासते. तेव्हा ज्यांना कळतं त्यांनी प्लीज लिहा.

---

प्रेषक: खजिनदार

ताई, फीचं खरं आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये २०१७ च्या विंटरपासून ईयूबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो लावतात पण टायअपमधून एक्स्चेंजला आलेल्यांना ते माफ असतात. सेमिस्टरची जी छोटी वर्गणी असते त्याचं तिच्या ऑफर लेटरमध्ये बघा.

पैशाचं भावोजींना असं समजवा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला सध्या महिना ९९२ युरोचा हिशोब धरतात, सहा महिन्यांचे ५९५२. हा आकडा ऐकून लोक घाबरतात पण हा खर्च नाही, तिचेच पैसे दर महिन्याला तिलाच मिळणार. त्यातून रूम, खाणं, इन्शुरन्स (विद्यार्थ्यांचा सरकारी साधारण दीडशेच्या आसपास) आणि प्रवास. डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, जानेवारी २०२६ पासून ६३ झालंय, लोकल आणि रीजनल गाड्या सगळ्या चालतात, आयसीई म्हणजे लांब पल्ल्याच्या फास्ट गाड्या नाही.

रूमसाठी आजच्या आज श्टुडिरेन्डेनवेर्कच्या (विद्यार्थ्यांची राहण्याखाण्याची सोय बघणारी संस्था) हॉस्टेलला अर्ज टाका, उद्या नाही. नाही मिळालं तर वेगे, म्हणजे तीनचार जणांनी मिळून घेतलेला फ्लॅट. आणि कुणी मेलवर म्हणालं की मी सध्या लंडनला आहे, डिपॉझिट पाठव, किल्ली कुरियर करतो, तर तो चोर आहे. आमच्या ओळखीच्या एका मुलाचे ८०० युरो असेच गेले. फोटोतला सोफा इतका सुंदर होता म्हणे!

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, ते देतो का हे भाडं ठरवायच्या आधी विचारायचं. आनमेल्डुंग झालं की काही दिवसांत टीव्ही-रेडिओवाल्यांचं पत्र येतं, महिना १८.३६. ते घराला एकदाच असतं, फ्लॅटमधलं दुसरं कुणी भरत असेल तर त्याचा नंबर कळवायचा आणि सुटायचं. पत्र कचऱ्यात टाकायचं नाही. जर्मनीत कुठलंच पत्र कचऱ्यात टाकायचं नाही.

---

प्रेषक: ल्युडविग्सबुर्गहून एक सभासद

थोडं कडू लिहितो, राग मानू नये. मी दहा वर्षं बघतोय, ही एक्स्चेंजची मुलं येतात, पहिला महिना कागदपत्रात जातो, शेवटचा निरोपसमारंभात, मधले तीन महिने पॅरिस प्राग अ‍ॅमस्टरडॅम. इन्स्टावर फोटो छान येतात. त्यापेक्षा डिग्री पूर्ण करून दोन वर्षांच्या मास्टर्सला यावं, भाषा शिकून यावं, नोकरीचं तरी बघता येतं. ट्रिपच काढायची असेल तर ट्रिप म्हणा ना.

---

प्रेषक: माजी एक्स्चेंजवाली, सध्या इथेच मास्टर्स

मावशी नमस्कार, मी २०२३ च्या विंटरला अशीच आले होते त्यामुळे हे लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी वरच्या काकांना, काका तुमचं निम्मं खरं आहे. पहिला महिना कागदात जातो हे तर शंभर टक्के, आणि त्यातच माझं सगळ्यात मोठं नुकसान झालं. इथे डिझाइन कॉलेजचा खरा माल म्हणजे वर्कशॉप. लाकूड, धातू, प्लास्टर, सगळं. पण सेफ्टीचं ट्रेनिंग घेतल्याशिवाय मशिनला हात लावू देत नाहीत, आणि त्या ट्रेनिंगची यादी पहिल्या आठवड्यात लाकडाच्या वर्कशॉपच्या दारावर एक साधा कागद म्हणून लागली होती, बारा जागा. ना मेल ना काही. मी त्या दिवशी आनमेल्डुंगच्या रांगेत होते. परत आले तर बारा नावं भरलेली, पुढची बॅच नोव्हेंबरच्या मध्यावर. म्हणजे दीड महिना मी पुठ्ठा आणि कटर घेऊन बसले. तर भाचीला सांगा, आल्या दिवशी आधी त्या दारापाशी जा, बाकीचं जग थांबेल. आणि बंद बूट घेऊन ये, चपलांवर आत घेत नाहीत, केस बांधायचे, ओढणी नाही.

आता प्रोजेक्टची गोष्ट. मी पुण्याहून ठरवून आले होते की मी 'पाट' करणार. आपला लाकडी पाट, जमिनीवर बसणं, आधुनिक रूपात वगैरे. पोर्टफोलिओत छान दिसेल, भारतीय पण आणि मॉडर्न पण. पहिल्या क्रिटला, म्हणजे सगळ्यांसमोर काम दाखवून चर्चा होते तेव्हा, मी मस्त स्लाइड दाखवल्या. प्रोफेसरबाईंनी (इथे सगळे त्यांना नावाने हाक मारतात आणि 'डू' म्हणजे 'तू' म्हणतात, मला 'मॅम' म्हणायचं थांबवायला तीन आठवडे लागले) शांतपणे ऐकलं आणि विचारलं, तू स्वतः शेवटची पाटावर कधी बसलीस? मी आठवायला लागले. चुलतबहिणीच्या लग्नात. आमच्याकडे कोथरूडला डायनिंग टेबल आहे हो. बाई म्हणाल्या मग हे तू कुणासाठी करतेयस, आम्हाला आवडावं म्हणून? मी त्या दिवशी रूमवर जाऊन रडले, खोटं का बोलू.

त्याच आठवड्यात पाटीचं लफडं झालं. आमच्या फ्लॅटच्या दाराला बाहेरून कुणीतरी एक छोटी लाकडी पाटी अडकवली होती, त्यावर जुन्या गॉथिक वळणाच्या अक्षरात 'केअरवोखं' लिहिलेलं. माझ्या फ्लॅटमेट सुट्टीला गावी गेलेल्या. मला वाटलं काहीतरी शुभचिन्ह आहे किंवा कुणी वेलकम गिफ्ट दिलंय, अक्षरं इतकी देखणी होती की मी पाटी आत आणून टेबलावर लॅम्पला टेकवून ठेवली. रोज स्केच करायचे त्या अक्षरांचं. दहा दिवसांनी बेल वाजली, खालच्या मजल्यावरच्या आजी, हातात झाडू. तुम्ही इतकी वर्षं श्वाबन मुलखात, म्हणजे या श्टुटगार्टच्या भागात, आहात म्हणजे तुम्हाला कळलंच असेल. ज्याच्या दारावर ती पाटी त्याची त्या आठवड्यात जिना झाडायची-पुसायची पाळी, आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला लावायची. मी पाटी आत नेल्यामुळे अख्ख्या बिल्डिंगची पाळी अडकून पडली होती. पुण्याची मुलगी मी, आणि पाटीचा अपमान माझ्याच हातून!

बाईंना हे सांगितलं तर त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या पाट सोड, हे कर.

मी अर्थातच आधी अ‍ॅप केलं. बारा स्क्रीन, रिमाइंडर, पॉइंट्स, सगळं. आजींना दाखवायला गेले, त्यांनी फोन हात लांब करून धरला, बघितलं, आणि म्हणाल्या बॅटरी संपली तर जिना कोण झाडणार? मग मी दोन आठवडे नुसतं बघितलं. तेव्हा दिसलं की खरी अडचण भलतीच आहे. इथे फ्लॅटच्या दाराला बाहेरून हॅंडल नसतं, फिक्स गोल नॉब असतो, त्यावरून पाटीची दोरी घसरते, पाटी पडते, कुणीतरी उचलून बूट ठेवायच्या रॅकवर ठेवतं आणि मग 'माझ्याकडे नव्हतीच' सुरू. भांडण स्वच्छतेचं नव्हतं, दोरीचं होतं. मी दोरी काढून पाटीलाच वर एक तिरकी खाच दिली जी गोल नॉबवर पण बसेल आणि तळघराच्या दाराच्या लांब हॅंडलवर पण. लिहायला एक ओळ लागली, करायला अकरा नमुने, आधी पुठ्ठ्याचे, मग लेझरवर प्लाय, मग शेवटी बीचचं लाकूड. खाच एक मिलिमीटर जास्त खोल गेली की पाटी डोलते, कमी झाली की दार आपटल्यावर उडते. वर्कशॉपचे माइस्टर, म्हणजे मुख्य कारागीर, इंग्रजी अजिबात बोलत नाहीत आणि त्यांचं श्वेबिश, म्हणजे इथली बोली, जर्मन लोकांनाही कळत नाही, ते दर नमुन्याला अंगठ्याने खाचेची कड चाचपायचे आणि परत द्यायचे. अकराव्याला काहीच बोलले नाहीत, फक्त सॅंडपेपर पुढे केला. इथली म्हणच आहे ना, शिव्या दिल्या नाहीत म्हणजे पुरेसं कौतुक झालं. सदाशिव पेठेत हे लोक सहज खपतील.

तर ताईंना सांगा, पाच महिन्यांत मी हे शिकले. एक खाच. पुण्यात मी एका सेमिस्टरला चार प्रोजेक्ट करायचे आणि चारही रेंडरमध्येच, म्हणजे कंप्युटरवरच्या चित्रातच, संपायचे.

आता दोन कटकटी, ज्या कुणी सांगत नाही. एक, तारखा. इथले तास ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन फेब्रुवारीत संपतात आणि आपलं पुढचं सेमिस्टर जानेवारीत सुरू होतं. माझे तिकडचे पाच आठवडे बुडाले आणि अटेंडन्सवरून मला जवळजवळ अडवलं. सवलत आधी लेखी घ्या, 'बघू आपण' म्हणजे नाही. दोन, मार्क. इथे १.० सगळ्यात भारी आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. मला १.७ मिळाले, आईला फोन केला तर ती म्हणाली, असू दे बाळा, पुढच्या वेळी कर अभ्यास. आई ठीक आहे, पण आमच्या तिकडच्या परीक्षा विभागाने पण १.७ दहापैकी समजून चढवले आणि मला नापास केलं! दुरुस्त व्हायला चार महिने गेले. निघायच्या आधी लर्निंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये कुठल्या विषयाचे किती क्रेडिट (इथे सेमिस्टरला ३० धरतात) आणि मार्कांचं रूपांतर कसं करणार हे दोन्ही कॉलेजच्या सहीने घ्या.

आणि हो, डॉइचलांडटिकेट महिन्याच्या १० तारखेच्या आत कॅन्सल करावं लागतं. मी विसरले, मार्चमध्ये पुण्यात पीएमटीत उभी असताना माझे जर्मनीच्या तिकिटाचे ४९ युरो कटले.

फिरायचं काका म्हणतात ते, फिरावं हो. प्राग नका जाऊ असं मी म्हणणार नाही. पण श्टुटगार्टलाच वाइसेनहोफ आहे, १९२७ ची वसाहत, मीस व्हान डेर रोहच्या देखरेखीखाली सतरा आर्किटेक्टांनी मिळून केलेली, त्यातल्या ल कॉर्ब्युझिएच्या घरात म्युझियम आहे. मी तिथे चारदा गेले, दरवेळी फक्त जिने बघितले. (जिन्यांचं वेडच लागलं होतं तेव्हा.)

---

प्रेषक: उल्मचे काका

वा, पाटीची गोष्ट आमच्या हिला वाचून दाखवली, ही अजून हसतेय.

एक भर घालतो. मुलीला एक दिवस उल्मला पाठवा, मी स्टेशनवर घ्यायला येईन. गावाबाहेर कूबर्ग टेकडीवर जुन्या डिझाइन स्कूलची इमारत आहे, माक्स बिलने केलेली, उघडं कॉंक्रीट. १९५३ ते १९६८ एवढीच पंधरा वर्षं ती शाळा चालली. आपल्या जेजेतले सुधाकर नाडकर्णी साठच्या दशकात इथे शिकले आणि परत जाऊन १९६९ मध्ये पवईला आयआयटीत आयडीसी हे डिझाइन सेंटर उभं करण्यात त्यांचा मोठा हात. म्हणजे इथून आपल्याकडे वाट आधीपासून आहे, हे भावोजींना सांगा. तेही ट्रिपला आले नव्हते.

तिथल्या आर्काइव्हमध्ये ते प्रसिद्ध स्टूल आहे, १९५४ चं. तीन फळ्या आणि एक गोल दांडा, बास. विद्यार्थी त्यावर बसायचे, आडवं करून कमी उंचीवर बसायचे, उलटं करून त्यात पुस्तकं घालून दांड्याला धरून न्यायचे. मी मेकॅनिकलवाला माणूस, मला कोपऱ्यातले फिंगर जॉइंट बघूनच बरं वाटतं.

चर्चचा मनोरा पण चढेल ती, ७६८ पायऱ्या. १६१.५३ मीटर, जगात सगळ्यात उंच चर्च म्हणून इतकी वर्षं पाहुण्यांना ऐकवलं, २०२५ मध्ये बार्सिलोनावाल्यांच्या साग्रादा फामिलिया चर्चने मागे टाकलं. आता काय सांगायचं ते ठरवतोय.

---

प्रेषक: ल्युडविग्सबुर्गहून एक सभासद

पाटीचं मान्य. तरी अकरा नमुने करणारी शंभरात एक असते, एवढंच म्हणून थांबतो. आमच्या गल्लीत एक वेगे रिकामी होतेय सप्टेंबरपासून, दोन मुली आहेत, मालकीणबाई ओळखीच्या, आनमेल्डुंगचं पत्र देतात. रूम मी स्वतः जाऊन बघून येतो, मग फोटो टाकतो. सोफा नाहीये.

---

प्रेषक: भाची (मावशीच्या आयडीवरून)

नमस्कार सगळ्यांना, मावशीने सगळ्या मेल फॉरवर्ड केल्या, खूप खूप थॅंक्यू. काका, रूम नक्की बघा प्लीज. ताई, दाराचं लक्षात ठेवते, फोनमध्ये रिमाइंडर पण लावलाय, बॅटरी चार्ज ठेवीन.

एकच प्रॉब्लेम झालाय. माझं मोटिव्हेशन लेटर मागच्याच महिन्यात गेलं आणि त्यात मी लिहिलंय की मी पाटावर काम करणार आहे. दोन पानं. स्केचसकट. आता काय करू? आमच्याकडे पण डायनिंग टेबलच आहे.

---

प्रेषक: खजिनदार

बेटा, घाबरू नकोस, प्रोजेक्ट बदलता येतो. पण पाट खरोखरच घेऊन ये. यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत आणि मंडळाच्या पाटाचा एक पाय गेल्या वर्षी विसर्जनात मोडला, सध्या खाली विटेचा तुकडा लावलाय. चेक-इन बॅगेत आडवा बसतो, मोजून बघ.