धाप सोबतीला असताना दिवस कसा निभावता?

मंडळी, सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन हवा आत अडकते), आयएलडी (फुप्फुस ताठर होतं), ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनळ्या रुंदावून कफ साठतो), जुना दमा, दुखण्याचं नाव काहीही असो. औषधं डॉक्टर लिहून देतात, दिवस मात्र आपला आपल्यालाच काढायचा असतो. आंघोळ, जिना, चारचौघांत लागलेली ढास यांचं तुम्ही काय करता, ते लिहा. डोसची चर्चा नको, ती ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांशी करावी.

मीच सुरुवात करतो. मला सीओपीडी आहे आणि दिवसातलं सगळ्यात जड काम म्हणजे आंघोळ. लोकांना हसू येतं. पण आमच्यासारख्यांना श्वास ओढायला मानेचे-खांद्याचे स्नायू लागतात, आणि डोकं धुताना हात वर गेले की तेच स्नायू तिकडे गुंततात. वाकलं की पोट श्वासपटलावर दाबलं जातं. वर कोंदट वाफ. म्हणून बाथरूममध्ये स्टूल ठेवलंय, दार किलकिलं असतं. पाय धुवायला वाकत नाही, पायच दुसऱ्या गुडघ्यावर घेतो. अंग पुसण्यात दम घालवत नाही. टॉवेलच्या कापडाचा गाऊन चढवून बसून राहतो, पाणी आपोआप टिपलं जातं. जिथे जोर लागणार तिथे श्वास सोडायचा: उठताना, बादली सरकवताना. नाकाने घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडायचा. त्याने श्वासनळ्या लवकर मिटत नाहीत. हवा आत जात नाहीये असं वाटतं खरं, पण आमची खरी अडचण ती बाहेर पडण्याची.

सावकाश_चालू
मला आयएलडी आहे, फुप्फुसच ताठर झालंय, त्यामुळे चंबूने मला फारसा फरक पडत नाही. माझं दुखणं वेगळं. बसल्या जागी ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) ९५ टक्के दाखवतो, घरचे खूश. जिन्याच्या वळणापर्यंत गेले की ८५. सहा मिनिटं चालायला लावून तपासतात ते याचसाठी. बोट गार असेल, नेलपेंट असेल तरी आकडा चुकतो, आणि सावळ्या त्वचेवर यंत्र जरा जास्तच दाखवू शकतं, हे फार कमी जणांना माहीत असतं. पिरफेनिडोन (आयएलडीवरचं औषध) चालू असल्याने ऊन सोसत नाही. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्या. गोळी भरल्या पोटीच घेते, नाहीतर मळमळ दिवसभर पुरते.
अवांतर: चालता चालता कुणी गप्पा मारायला लागलं की मी सरळ थांबते. बोलणं आणि चालणं एकाच श्वासात बसत नाही. उद्धट म्हणतात, म्हणू देत.

लेक
बाबांना घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून नाकातल्या नळीने देणारं यंत्र) आहे. दिवसाकाठी किमान १५ तास लावायचाय, रात्र धरून. दम लागला की तेवढ्यापुरता हुंगायचा, असं बरेच जण समजतात. पण रक्तातला ऑक्सिजन कायम फार कमी असणाऱ्यांचं आयुष्य वाढतं ते तासन्‌तास लावल्याने. १९८० आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत ते दिसलं.
यंत्रापेक्षा पाहुणे सांभाळणं कठीण. बाबांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, म्हणून डॉक्टरांनी ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ ही हद्द आखून दिलीये. भेटायला आलेले एक काका ९० बघून घाबरले आणि नॉबला हात घालायला निघाले! आता यंत्रावर कागदच चिकटवलाय: "हात लावू नये. आकडा बरोबर आहे." नळीने कानामागे सोलवटतं, तिथे कापसाची घडी घालतो. नाकाला व्हॅसलीन नाही, पाण्यावर आधारलेली जेल. देवापुढचा दिवा, गॅसची शेगडी, सिगरेट यांपासून नळी लांब, यात तडजोड नाही.

कफाधीश
स्टूलला +१. मी ब्रॉन्किएक्टेसिसवाला, सकाळचा पहिला वेळ कफ काढण्याचा. जोरजोरात खोकून घसा फाडण्यापेक्षा तोंड उघडं ठेवून, काचेवर वाफ धरावी तसा "हाऽ" करत श्वास फेकायचा, फिजिओथेरपिस्टने शिकवलं. कफाचा रंग गडद झाला, प्रमाण वाढलं की वाट न बघता फोन करतो. बाकी लिफ्टमध्ये खोकला आला की लोक भिंतीला चिकटतात. "संसर्गाचा नाही हो" म्हणून सांगायचं मी बंद केलंय.

पायरीपायरीने
"आता आराम करा" या सल्ल्यावर माझा राग आहे. दम लागतो म्हणून चालणं कमी करायचं, मग मांड्यांतली ताकद जाते, आणि कालच्याच कामाला आज जास्त दम लागतो. पल्मनरी रिहॅबमध्ये (फुप्फुसाच्या रुग्णांसाठीचा व्यायामाचा कार्यक्रम) मला धाप लागेपर्यंत चालवलं, तेही देखरेखीखाली. फुप्फुसांचे आकडे होते तिथेच राहिले, पण बाजाराची पिशवी मी उचलतो.

सावकाश_चालू
@पायरीपायरीने, पटलं. विमानाने कुणी गेलंय का? मुलीकडे जायचंय.

लेक
बाबांना नेलंय. विमानात हवेचा दाब सुमारे ८,००० फूट उंचीवर असतो तितका खाली येऊ शकतो, म्हणजे जमिनीवर ९५ असणाराही घसरतो. आधी डॉक्टरांना विचारा, "फिट टू फ्लाय"चा कागद घ्या. पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर नेणार असाल तर कुठलं मॉडेल चालतं ते विमान कंपनीला तिकिटाआधीच विचारा. जास्तीच्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवा. आणि विमानतळावर व्हीलचेअर मागायला लाजू नका. गेटपर्यंतचं अंतर फार असतं.