पुस्तक न वाचता ‘ड्यून’ पाहिला तर कुठे अडतं?

फ्रँक हर्बर्टची १९६५ची कादंबरी न वाचता दनी व्हिलनवचे दोन्ही भाग (२०२१, २०२४) पाहणाऱ्यांसाठी हा धागा. आवडला की नाही ते नको. नेमकं काय कळत नाही आणि का, ते लिहा. रहस्यं फुटतील, हे धरून चाला.

---

आधी ढाली. अंगाभोवतीची ढाल वेगाचा वार अडवते, सावकाश सरकणारं पातं आत जाऊ देते. म्हणून इतक्या पुढारलेल्या जगात तलवारी. निळी चमक म्हणजे वार अडला, लाल म्हणजे आत शिरला. नायक पॉल आणि त्याचा युद्धशिक्षक गर्नी यांचा सराव नीट पाहिला की पुढच्या मारामाऱ्या उलगडतात. मग सरळ लेझर का मारत नाहीत? लेझर ढालीला लागला तर अणुबॉम्बसारखा स्फोट होऊ शकतो, त्यात मारणाराही जातो. हे पुस्तकात आहे, सिनेमा गप्प. वाळवंटात ढाल लावली तर वाळूतल्या महाकाय अळ्या पिसाळून येतात, म्हणून तिथले रहिवासी फ्रेमन ढालीच्या वाटेला जात नाहीत.

---

मसाला म्हणजे अराकिस या वाळवंटी ग्रहावरच सापडणारा पदार्थ. त्याचं महत्त्व सुरुवातीलाच, पॉल अभ्यासाची फिल्म बघतो तिथे, दोन वाक्यांत उरकलंय. तेवढ्यात पॉपकॉर्न आणायला गेलात तर संपलं. अंतराळप्रवास हातात असलेल्या गिल्डच्या नाविकांना ताऱ्यांमधली सुरक्षित वाट मसाल्याशिवाय सापडत नाही. मसाला थांबला की साम्राज्य ठप्प. शेवटी पॉल मसाल्याची शेतं अण्वस्त्रांनी उडवायची धमकी देतो, तिचं वजन यामुळेच.

---

संगणक कुठेच का नाहीत, हे सिनेमा समजावत नाही. माणसांनी फार पूर्वी विचार करणाऱ्या यंत्रांविरुद्ध युद्ध करून ती कायमची बंद केली. त्यांची जागा मेंटॅट, म्हणजे संगणकासारखा हिशेब करायला तयार केलेली माणसं, घेतात. पॉलच्या घराण्याचा मेंटॅट थुफिर हवात, त्याचे डोळे पांढरे होतात तेव्हा तो हिशेब करत असतो.

पॉलच्या घराण्याचा वैद्य डॉ. युए, त्याचंही तसंच. कपाळावरचं गोंदण त्याच्या संस्काराची खूण आहे, असा वैद्य धन्याला दगा देऊच शकत नाही अशी सगळ्यांची खात्री. हे माहीत नसेल तर त्याची फितुरी अचानक उगवल्यासारखी वाटते. कादंबरी मात्र तो फितूर आहे हे आधीच सांगून टाकते.

---

इंग्रजी सबटायटल लावाच. बेने जेसेरिट (पॉलच्या आईचा स्त्रीपंथ), क्विझॅट्झ हॅडरॅक (तो पंथ ज्याची वाट पाहतो तो महापुरुष) ही नावं नुसती ऐकून लागत नाहीत.

---

डेव्हिड लिंचचा १९८४चा बघू नका असं नाही, पण पहिला तो नको. १३७ मिनिटांत अख्खी कादंबरी कोंबलीय. तेव्हा काही थिएटरांत प्रेक्षकांना शब्दार्थांचा छापील कागद वाटला होता, यातच काय ते आलं. व्हिलनवने पाच तासांहून जास्त घेतले, तरी मेजवानीचा प्रसंग गेलाच.

---

वरचं वाचून आधी पुस्तक वाचावं असं वाटेल, त्याच्याशी थोडा असहमत. दुसऱ्या भागाआधी न वाचणंच बरं. पुस्तकात मध्ये दोन वर्षं जातात, पॉलची बहीण आलिया जन्मते आणि शत्रू बॅरनला तीच मारते. सिनेमात ती पोटातच आहे, बॅरन पॉलच्या हातून मरतो. पॉलची फ्रेमन प्रेयसी चानी शेवटी निघून जाते, तेही पुस्तकात नाही. वाचून गेलात तर सगळा वेळ ताळा जुळवण्यात जाईल. फार तर कादंबरीच्या मागची शब्दसूची चाळा. बाकी परिशिष्टं नकोत, त्यात कोण कधी मेलं ते आहे.

---

अवांतर: ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या सिनेमाला (१९६८) आधी पुस्तक वाचा म्हणणाऱ्यांना विचारा, कुठलं? आर्थर क्लार्कची कादंबरी पटकथेसोबतच लिहिली गेली आणि सिनेमानंतर आली. यानाचा संगणक हॅल का बिघडतो हे मात्र तिथेच स्पष्ट होतं: मोहिमेचा खरा हेतू अंतराळवीरांपासून लपवायची त्याला आज्ञा होती. आणि यान पडद्यावर गुरूकडे जातं, पुस्तकात शनीकडे, त्यामुळे वाचताना दचकू नका.